आत्याबाईंच्या हंगामी पुड्या

८ फेब्रुवारी

आत्या,

पार्सल पोचलं. वाकून नमस्कार, आणि लगेच तक्रार.

झोपेची म्हणून तू जी पुडी पाठवलीस, तिनं इकडे कुणालाही झोप येत नाही. मी सगळं तू शिकवलंस तसंच केलं. कोमट पाणी, त्यात पाय, पाला मुठीत धरून मनात एकच गोष्ट मागायची आणि मग मूठ पाण्यात सोडायची. मी झोप मागितली. त्यानंतर जी टक्क जागी झाले, ती कपाटातल्या सगळ्या कपड्यांच्या घड्या घालून झाल्या तरी जागीच. वाटलं, माझंच मागणं कुठेतरी चुकलं असेल. म्हणून थोडा पाला आमच्या रिसेप्शनवरच्या ताईला दिला. ही बाई कुठेही झोपू शकते, एकदा फोनवर बोलता बोलता झोपली होती. दुसऱ्या दिवशी आली ती डोळे लाल करून, आणि सगळ्यांसमोर मला म्हणाली, "तुझ्या आत्यानं मूठ मारली की काय माझ्यावर?"

आता माझा स्वभाव तुला माहीत आहे. दिवसभर तळघरात लोकांचे एक्स-रे काढायचे म्हणजे आत काय आहे ते बघितल्याशिवाय चैनच पडत नाही. पुडी पांढऱ्या कागदावर ओतली आणि चिमट्यानं सगळं वेगळं केलं. शेवंती ओळखली, गुलाब ओळखला. तिसरा पाला चुरलेला, काळपट हिरवा. तिथे तू नेहमी मरवा घालतेस ना? हा नाकाशी नेला तर सरळसरळ पुदिना.

तर माझे प्रश्न असे. झोपेच्या पुडीत पुदिना कशाला? ऋतू बदलला की पुडीही बदलते का? मागणं मनातच ठेवायचं की पुटपुटलं तरी चालतं? आणि हे सगळं होतं ते पाल्यानं की मागण्यानं? हे मी फ्रॉक घालत होते तेव्हापासून विचारतेय आणि तू दर वेळी माझ्या डोक्यावर तेल थापून विषय बदलतेस.

पुड्या पोस्टानं येतात म्हणून उत्तरही पोस्टानंच पाठव. फोन केला की तुझ्या पार्लरमधले ड्रायर घोंघावत असतात आणि तू "हं, हं" करून ठेवून देतेस.

तुझी भाची


१९ फेब्रुवारी

चौकशीखात्याला आशीर्वाद.

माझी पुडी चिमट्यानं फाडून बघितलीस? हाडं बघून बघून कसाई झालीयेस नुसती.

पुदिना मुद्दाम घातला होता. तुझं नाक जागं आहे की तळघरात राहून बधिर झालंय ते बघायचं होतं. पास झालीस. त्या रिसेप्शनवालीला म्हणावं, मी मूठ मारली असती तर ती डोळे लाल करून नोकरीवर आलीच नसती.

इकडे नुसती धांदल आहे. मालकीणबाईंनी पार्लरचा मागचा भाग रंगवायला काढलाय. माझा कोपरा तुला आठवत असेल. गीझरशेजारची फळी, त्यावर बरण्या, खाली घमेलं आणि दोन स्टुलं. आता तिथे आरसा येणार, पडदा येणार आणि बाहेर रस्त्यावरून दिसेल अशी पाटी लागणार, 'आत्याबाईंच्या हंगामी पुड्या'. रंगाऱ्यानं अक्षरं काढून दाखवलीसुद्धा. नवी फुलं यायला लागली की उद्घाटन. जमिनीवरचे केस झाडायला म्हणून मी या पार्लरमध्ये आले होते. झाडता झाडता एकेका गिऱ्हाइकाचे पाय पाण्यात घालून हा कोपरा मिळवला. आता काही झालं तरी तो हातचा जाऊ द्यायचा नाही, सध्या डोक्यात एवढंच आहे.

तुझे प्रश्न. पुटपुटलं तरी चालतं, पण दुसऱ्या कुणी ऐकलं तर अर्धं त्याला मिळतं. बाकीच्या प्रश्नांची उत्तरं शिकवणी संपल्यावर.

हो, शिकवणी. सोबत पाच छोट्या पुड्या आहेत, नंबर घातलेल्या. प्रत्येक पुडी हुंगायची आणि मला लिहायचं, आधी कुठला वास येतो, मागून कुठला येतो आणि काय आठवतं. नुसतं "छान आहे" लिहून पाठवलंस तर पत्र परत येईल. आणि लवकर कळव. फुलं काही माझ्यासाठी थांबणार नाहीत.

दादाला, तुझ्या बापाला, यातलं काही सांगू नकोस. त्याला वाटेल, मी तुझी चांगली नोकरी सोडवून तुला पाला चुरायला बसवतेय.

आत्या


२ मार्च

आत्या,

शिकवणीचा गृहपाठ. मजा आली, खरंच. जेवणाच्या सुट्टीत मशीनच्या खोलीत दार लावून बसले होते. बाहेर लाल दिवा लावला, म्हणजे कुणी आत येत नाही.

एक नंबर. आधी संत्र्याची साल, मागून लवंग. बाबांच्या जुन्या कोटाचा आतला खिसा आठवला. दोन नंबर निलगिरी, डोळे मिटून सांगेन. सर्दी झाली की आई उशीवर थेंब टाकायची. चार नंबर मरवा, म्हणजे तो तुझ्याकडे आहे तर. पाच नंबरला वासच नाही. खूप वेळ हुंगलं. पाऊलवाटेवरचं वाळलेलं गवत वाटतं, कधीकाळी काहीतरी असेल.

आता तीन नंबर. ओलं पोतं. न उघडलेलं कपाट. पुडी उघडल्याबरोबर मला शिंका आल्या. दिव्याखाली धरलं तर पाल्यावर पांढरी लव दिसली. चिमूटभर घेऊन वरच्या लॅबमध्ये गेले, तिथल्या माणसानं सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं आणि मान न वळवता म्हणाला, "बुरशी आहे, खाऊ नका."

आत्या, मी एकदा किंचित दमट पाकळी तुझ्या बरणीत टाकली होती, तर तू बरणीसकट मला अंगणात काढलं होतंस. पोरीचं नाक तपासायला बुरशी पाठवणारी आत्या माझ्या ओळखीची नाही.

मग मी तुझी मागची पत्रं काढून बसले. पूर्वी तू लिहायचीस, आज मरव्याची जुडी आली, जिना चढेपर्यंत शेजारीण विचारायला बाहेर आली. दवणा वाळत घातलाय, त्या वासानं उशी बदलावी लागली. थंडीपासूनच्या तुझ्या पत्रांत असं एक वाक्य नाही. रंग आहेत, पाटी आहे, पडदा आहे. वास कुठेच नाही.

सरळ विचारते. तुला वास येतो ना?

तुझी भाची


११ मार्च

चि. भाचीस,

तीन नंबरची बरणी ओतून टाकली, विषय संपला. थोडी सर्दी आहे, हवा बदलली की सगळ्यांना होते. बाकी सर्व ठीक. मालकीणबाई हाक मारतायत, म्हणून इथेच थांबते.

आत्या


१७ मार्च

आत्या,

माझ्या कामातली एक गोष्ट सांगते. मी माणसाला मशीनपुढे उभं करते आणि सांगते, श्वास धरा, हलू नका. फोटो काढते. मी काही बोलायच्या आत जो माणूस म्हणतो, "मी नाही हं हललो," तोच हललेला असतो. फोटो परत काढावा लागतो.

तुझं पत्र मी परत काढायला पाठवतेय.

सर्दी कधीची आहे? शेवटचा वास कसला आला होता? स्वयंपाकाचा गॅस चालू राहिला तर तुला कसं कळतं? मी कुणाला सांगणार नाही, पण मला थापा मारू नकोस. मला तुझी काळजी वाटतेय, आणि त्याहून जास्त राग येतोय. दोन्ही एकाच पाकिटातून पाठवतेय.

तुझी भाची


२६ मार्च

पोरी,

नाही येत.

थंडीत मला ताप आला होता, आठवतंय? ताप गेला, सर्दी गेली, आणि जाताना वास घेऊन गेली. आधी मला कळलंच नाही. मी आत पाकळ्या निवडत बसले होते आणि शेजारीण दार बडवत आली. दूध जळून भांड्याचा कोळसा झाला होता, घरभर धूर, आणि मी आपली शेवंती निवडतेय. तिला म्हटलं, डोळा लागला होता. त्या दिवसापासून सगळ्यांना काही ना काही सांगतेच आहे.

माझ्या एकाही बरणीवर चिठ्ठी नाही. किती मिरवायचे मी, की झाकण उघडलं की झालं, मला कशाला चिठ्ठ्या. आता झाकण उघडते आणि बरणी नुसती माझ्या तोंडाकडे बघत बसते. फुलं रंगावरून कळतात. पण पाला एकदा चुरला की सगळा सारखाच दिसतो. पुदिना आणि मरवा मी बोटांनी ओळखायला गेले, तुमची दोघींची झोप घालवली. परीक्षा वगैरे काही नव्हती. तू नंबरवार वास लिहून पाठवलेस, त्यावरून मी तीन बरण्या ओळखल्या.

आता खरी लाजिरवाणी गोष्ट. तीन नंबरचा पाला मी त्याआधी कितीतरी जणींच्या वाफेत घातला होता. पातेल्यात पाला, डोक्यावर टॉवेल आणि चेहरा वाफेवर. एकीला खोकल्याची उबळ आली. मी तिच्या पाठीवर हात फिरवत म्हटलं, छाती मोकळी होतेय तुमची. तिनं माझे आभार मानले. हे आठवलं की मला अजून जेवण जात नाही.

तरी मागतेच. उद्घाटन होईपर्यंत तू माझं नाक हो. मी सगळ्या बरण्यांतले नमुने पाठवते, तू कळव. कुणाला पत्ता लागणार नाही. मालकीणबाईंना कळलं तर त्या पाटीवर दुसऱ्या कुणाचं नाव चढेल. दादाला कळलं तर तो गाडी घेऊन येईल, मला घरी नेईल, टीव्हीसमोर खुर्ची मांडेल आणि म्हणेल, आता आराम कर. मी कुजून जाईन तिथे. नाही म्हणू नकोस.

आत्या


५ एप्रिल

आत्या,

नाही म्हणतेय. पण पत्र फेकू नकोस, पूर्ण वाच.

तुझा नमुना मला पोचणार, माझं पत्र तुला पोचणार, तोवर तू दहा जणींना वाफ दिलेली असणार. मी रोज छातीचे फोटो काढते. दम्याच्या माणसाला बुरशीची वाफ म्हणजे काय, ते मला माहीत आहे. तू परक्या बाईच्या पाठीवर हात फिरवत होतीस आणि ती आभार मानत होती, हे वाचून मलाही जेवण गेलं नाही. हे लपवायला मी मदत करणार नाही.

ओळखायला करीन. एकेका बरणीतलं पाठव, मी, आई आणि रिसेप्शनवाली तिघी मिळून ओळखतो. प्रत्येक बरणीवर ठसठशीत चिठ्ठी लाव. पण हे सगळं मालकीणबाईंना सांगून. ही एकच अट आहे.

आमच्या नाक-कान-घशाच्या डॉक्टरांना जिन्यात गाठलं. म्हणाले, तिकडे आधी कुणाला तरी दाखवू दे. कुणाचा वास परत येतो, कुणाचा येत नाही, कुणाचा येतो तो वाकडा येतो, म्हणजे गुलाबाला जळकट वास वगैरे. आणि रोज सराव करायचा. चार ठसठशीत वास घ्यायचे, गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी. सकाळी आणि संध्याकाळी एकेक हुंगायचा आणि हुंगताना तो वास मन लावून आठवायचा. मी विचारलं, "म्हणजे मुठीत धरून मागायचा?" ते म्हणाले, "काय?" मी म्हटलं, काही नाही.

पण मला तेव्हापासून राहवत नाहीये. तू लोकांना नेमकं हेच करायला लावत नव्हतीस का? तुला कुणी शिकवलं होतं?

सोबत एक गॅसची घंटा पाठवतेय. गॅस गळला की ओरडते. स्वयंपाकघराच्या भिंतीवर लाव. बाबांना मी काही सांगणार नाही, ते तू सांगायचंस.

तुझी भाची


१४ एप्रिल

चि. भाचीस,

अटी घालणारी भाची मला नको होती. नमुने पाठवत नाही. राहू दे.

इथल्या डॉक्टरकडे जाऊन आले. त्यानंही तेच चार वास सांगितले. एवढ्या बरण्या सांभाळल्या आणि आता मला अ आ इ ई पासून बसवलंय. लिंबू हुंगते, लवंग हुंगते. समोर कोरी भिंत असावी तसं. आठवायला सांगतात. आठवतं ना, सगळं आठवतं, तीच तर कटकट आहे. नाकाशी लिंबू असतं आणि लिंबाचा वास फक्त डोक्यात असतो. चार दिवस केलं, आणि तुझी शपथ, चौथ्या दिवशी लिंबू भिंतीवर फेकून मारलं.

कुणी शिकवलं म्हणून विचारतेस. कुणी नाही. पहिल्यांदा एक गिऱ्हाईक रडायला लागलं, तेव्हा तिच्या हाताला काहीतरी काम द्यावं म्हणून मूठ धरायला सांगितली. बाकीचं मागून वाढत गेलं.

घंटा लावली. डासांचं औषध फवारलं तरी बोंबलते.

पाटी रंगवून आली आहे. पडद्यामागे भिंतीला टेकवून ठेवलीय. फार सुंदर अक्षर आहे.

आत्या


२७ एप्रिल

आत्या,

उद्घाटन झालं असेल किंवा आज-उद्या असेल. तुला वाटत असेल मी रागावलेय. नाहीये. डबा उघडला की पहिल्यांदा तुझी आठवण येते, कारण आता मी प्रत्येक गोष्ट हुंगूनच खाते. रिसेप्शनवाली म्हणते, मांजर झालीयेस.

काय झालं ते कळव. वाईट झालं असेल तरी कळव.

तुझी भाची


९ मे

पोरी,

सगळं सांगते, आणि क्रमानं सांगते. मध्ये प्रश्न नकोत.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी नव्या आरशासमोर बसून मी बरण्या पुसत होते. आरसा हा फार वाईट प्रकार. पूर्वी समोर भिंत होती, आपण काय करतोय ते दिसत नव्हतं. एक तरुण मुलगी आली, पोटुशी, म्हणाली, डोकं जड झालंय, थोडी वाफ द्या ना. मी सवयीनं बरणी उचलली. झाकण उघडलं. आरशात बघितलं तर मी त्या बरणीला नाक लावून, डोळे मिटून, जाणकारासारखी मान डोलावत होते. मला स्वतःची इतकी किळस आली की झाकण दाबून बरणी खाली ठेवली. तिला म्हटलं, आज पाला नाही, नुसती पाण्याची वाफ घे. तिला वाफ दिली आणि तशीच उठून मालकीणबाईंकडे गेले.

सगळं सांगितलं. बुरशीसकट सांगितलं. मालकीणबाईंनी हातातला कंगवा खाली ठेवला. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "आत्याबाई, माझ्या गिऱ्हाइकांच्या तोंडावर?" मी म्हटलं, हो. मग म्हणाल्या, पाटी लागणार नाही, पुड्या बंद, आणि उद्या जी जी बाई येईल तिला तुम्ही स्वतः तोंडानं सांगायचं. मी नाही सांगणार.

घरी येऊन मी दादाला फोन केला. म्हटलं, नाहीतरी सगळं गेलंच आहे. तो गाडी घेऊन येतोच म्हणाला. मी म्हटलं, उद्याचा दिवस जाऊ दे, मग ये.

दुसऱ्या दिवशी बसले स्टुलावर. नवा पडदा, नवा आरसा, झाकणं घट्ट लावलेल्या बरण्या, आणि एकेकीला सांगायचं. तोंड दुखलं. कुणी म्हणालं, अगं बाई. कुणी कांद्याचा इलाज सांगितला, कुणी जावेच्या भावाचा किस्सा सांगितला. जिला खोकला आला होता ती ऐकून उठली आणि चपला घालून निघून गेली. तिचं काही चुकलं नाही.

संध्याकाळी ड्रायव्हिंगवाली आली. तुला ती माहीत नाही. मोटार चालवायला शिकवते, बायकांना आणि घाबरट बुवांना. दिवसभर दुसऱ्यांच्या ब्रेकवर पाय ठेवून तिच्या पोटऱ्या भरून येतात. माझा कोपरा म्हणजे नुसती फळी होती तेव्हापासून येते. एक मोसम चुकवला नाही. आली, चपला काढल्या आणि नेहमीसारखे पाय पुढे करून बसली. मी नुसत्या कोमट पाण्याचं घमेलं पुढे सरकवलं आणि आपली सुरुवात केली, बाई, एक सांगायचंय, मला वास येत नाही.

ती म्हणाली, "मलाही नाही."

मला वाटलं थट्टा करतेय. म्हटलं, तुम्हालाही सर्दी झाली का. म्हणाली, "नाही हो. जन्मापासून. मला वास म्हणजे काय तेच माहीत नाही."

इतकी वर्षं मी तिची पुडी बांधायचे, घमेल्यात सोडायचे आणि वर मान करून विचारायचे, वास कसा आहे? आणि ती दर वेळी म्हणायची, छान. मी म्हटलं, मग सांगितलं का नाही कधी? तर म्हणते, "तुम्ही इतक्या हौसेनं विचारायचात. एकदा छान म्हटलं, मग दुसऱ्यांदा काय सांगणार? आणि मला वाटलं, तुम्हाला कळलं तर तुम्ही मला पुडीच देणार नाही."

बघ म्हणजे. ती माझ्यापासून लपवत होती आणि मी तुमच्या सगळ्यांपासून.

मला राग आला, खरं सांगते. मी विचारलं, मग यायचात कशाला, माझं मन राखायला? गप्पा मारायला? तसं असेल तर बाहेर बाकावर बसा, मी पाला विकते, गप्पा नाही. ती हसली. म्हणाली, "गप्पा तुम्हाला कुठे येतात? मी पायांसाठी यायचे." आणि मग तिनं जे सांगायला सुरुवात केली ते ऐकायला तू इथे असायला हवी होतीस. संत्र्याची साल पाण्यात फुगते आणि बोटांच्या मध्ये येऊन बसते, ते तिला आवडतं. शेवंतीनं पाणी पिवळं होतं, ते तिला बघायला आवडतं. ओव्यानं टाचांना मुंग्या येतात. कापूर घातला तर गार वारा लागल्यासारखं पोटरीपर्यंत चढतं. आणि सुंठेनं पाय आतून तापतात, तशी पुडी तिला आजवर मोजून दोनदा मिळाली. "गुलाबानं मला काहीच होत नाही," म्हणाली. "आणि तुम्ही मला नेमकी गुलाबाचीच जास्त द्यायचात."

लाडाचं गिऱ्हाईक म्हणून द्यायचे गं. सगळ्यात महाग पाकळी.

मी उठले आणि मालकीणबाईंना विचारून आले, गिऱ्हाइकाला काही देत नाही, पण माझ्या स्वतःच्या पायावर काही घालू का. त्या म्हणाल्या, स्वतःचे पाय आहेत, काय वाट्टेल ते करा. मग मी दुसरं घमेलं ओढलं, ड्रायव्हिंगवालीच्या समोर बसले आणि सुंठेची बरणी घेतली. ती एक चुरलेली नसते, तुकडे दिसतात, तिच्यात चूक होत नाही. तिथेच कुटली, मूठ भरून घेतली. मूठ मिटल्यावर मागायचं असतं. वास परत दे म्हणणार होते, पण आधी मूठ सुटली, पाय तापायला लागले आणि मागायचं राहूनच गेलं.

पोरी, मला कळलं. नाकानं नाही, पायानं. टाचेतून वर, पिंढरीत, गुडघ्याच्या मागे. हे आधीही होत असणार, इतकी वर्षं माझे हात रोज त्याच पाण्यात होते. पण मी सगळं नाकावरच सोडून दिलं होतं, बाकी अंगाला कधी विचारलंच नाही. मी रडले. ड्रायव्हिंगवाली रुमाल द्यायला गेली आणि तिचं घमेलं कलंडलं, नव्या लाद्यांवर पाणीच पाणी. मालकीणबाई पडदा सारून बघून गेल्या. दोन बायका, दोन घमेली, एक रडतेय आणि एक पुसतेय.

म्हणून तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं, की पाल्यानं होतं की मागण्यानं, ते मला माहीत नाही. मला वाटायचं मला माहीत आहे आणि मी सांगत नाही. आता मलाच चौकशी करायची आहे. एकेक गोष्ट पाण्यात घालून बघायची, कुठे चढते, कुठे टोचते. तुझा रोग मला लागला.

लाद्या पुसून झाल्यावर मालकीणबाई आल्या. म्हणाल्या, सगळ्या बरण्यांवर चिठ्ठ्या लागल्या, तुमच्या भाचीनं ओळखून दिलं आणि माझ्यासमोर उघडून बघितलं, तर पाय पाण्यात घालण्यापुरतं चालू करा. वाफ नाही. पाटीवर तुमचं नाव नाही. तिथे आता नुसतं 'हंगामी पुड्या' आहे, आधीची अक्षरं पांढऱ्या रंगाखाली दिसतात अजून. माझं मन खट्टू झालं, पण नाही म्हणायला मला तोंड नव्हतं. दादा दुसऱ्या दिवशी आला, त्याचे पाय घमेल्यात घातले आणि तसाच परत पाठवला. नमुने या पत्राबरोबर येतायत, जरा जास्तच आहेत. आईला आणि त्या झोपाळूला घेऊन बस. वास अजून नाही आला. लिंबू चालू आहे.

ड्रायव्हिंगवालीला मात्र मी परवा तिची पुडी करून दिली. मालकीणबाई उभ्या होत्या, तू ओळखलेल्या तीन आणि सुंठेची, अशा चिठ्ठी लावलेल्या चारच बरण्या घेतल्या. इतक्या वर्षांत तिच्या पायांसाठी केलेली ही पहिली पुडी. ती पाय बुडवून बसली, डोळे मिटले, मी पाणी ढवळत होते. एकदम डोळे उघडून म्हणाली, "आज विचारलं नाहीत."

मी विचारलं, कसं आहे?

तिनं पाय उचलून बघितले, परत खाली ठेवले आणि म्हणाली, "सुंठ थोडी जास्त झालीय."

आत्या